नाव नको, आवाज ऐका

ऑडिशनला बसणं हा रागसंगीताचा अपमान आहे, हे मत आपल्याकडे इतक्या वर्षांपासून आणि इतक्या आदरणीय तोंडांतून ऐकू येतं की त्याला उलट प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. परिसंवादात ते येतं, मुलाखतीत येतं, गुरुपौर्णिमेच्या भाषणात तर हमखास येतं. मांडणी साधारण अशी असते. ख्याल ही तास-दीड तासाची गोष्ट, ती दहा मिनिटांत कशी मावणार? आमच्या थोरामोठ्यांनी कुठं अर्ज भरले होते? आणि परीक्षकांसाठी तयारी करून गायलेलं गाणं म्हणजे पाठांतर. खरं गाणं आतून येतं, ते तारीख-वेळ पाहून येत नाही.

समोर बसलेली विशी-पंचविशीतली मुलं हे ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन आकाशवाणीचा अर्ज बाजूला ठेवून देतात. मी गाणं शिकवते, त्यामुळे हे मला जवळून दिसतं. अर्ज बाजूला ठेवताना त्यांना सुटल्यासारखंही वाटतं, कारण न दिलेल्या परीक्षेत कुणी नापास होत नाही, आणि वर तत्त्वनिष्ठेचं समाधान मिळतं. वरचे तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ज्यांच्या मागं ना घराणं आहे ना आडनाव, अशा गाणाऱ्यांचं या मुद्द्यांमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून हा प्रतिवाद.

एक घोळ आधी निस्तरायला हवा. ऑडिशन म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढं दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा येतात. तिथं कॅमेरा असतो, पोशाख असतो, मुलाच्या घरची गरिबी किंवा आजारपण सांगणारी चित्रफीत असते आणि शेवटी प्रेक्षकांची मतं असतात. तो प्रेक्षकांसाठी बांधलेला कार्यक्रम आहे. त्याच्यावरचे आक्षेप बहुतेक खरे आहेत, पण ते उचलून आकाशवाणीच्या ऑडिशनवर चिकटवणं गैर आहे. आकाशवाणीत उमेदवार अर्जासोबत आपल्याला येणाऱ्या रागांची यादी देतो. स्टुडिओत तंबोरा, तबला आणि मायक्रोफोन असतो. परीक्षक त्या यादीतला राग सांगतात, उमेदवार गातो. केंद्रावरची स्थानिक समिती आधी ऐकते. पुढं ध्वनिमुद्रण दिल्लीच्या मंडळाकडं जातं आणि तिथं ते ऐकलं जातं ते नावानं नव्हे, सांकेतिक क्रमांकानं. त्यातून बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी ठरतात. या लेखात ऑडिशन म्हणते ती ही.

आता पहिला मुद्दा. दहा मिनिटांत ख्याल मावत नाही, हे मान्य. पण गाणारा कळतो का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच संगीताच्या इतिहासानं देऊन ठेवलं आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या. तिथपासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या गाण्याची नोंद झाली ती ७८ गतीच्या तबकड्यांवर. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्या वेळात अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायलं, हिराबाई बडोदेकरांनी गायलं, केसरबाई केरकरांनी गायलं. १९३३ मध्ये गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. त्याला ज्या गाण्यानं वेड लावलं होतं ती खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती, आणि ती त्यानं ऐकली होती तबकडीवरच. त्या मुलाला पुढं सगळं जग पंडित भीमसेन जोशी म्हणून ओळखू लागलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. तीही साडेतीन मिनिटांच्या आसपासच आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ती माणसं मोठी होती, म्हणून त्यांना जमलं. पण ते जमलं कसं, हे कुणी सांगत नाही. त्या तबकड्या ऐका. पहिल्या काही सेकंदांत षड्ज लागतो, पहिल्या दोन वाक्यांत राग उभा राहतो, बंदिशीचा मुखडा समेवर येतो तो एकही मात्रा वाया न घालवता. कुठं थांबायचं हे गाणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. आलाप आहे, बोल आहेत, तान आहे, पण एकही गोष्ट दोनदा नाही. हे केवळ प्रतिभेनं होत नाही, त्याला विचार करून केलेली तयारी लागते. बैठकीत तासभर राग उलगडणाऱ्या या गायकांनी छोट्या वेळाचा तिरस्कार केला नाही. तसा तो केला असता तर आज त्यांचा आवाजही आपल्यापर्यंत पोचला नसता.

छोट्या वेळात काय तपासलं जातं, हे रागांच्या उदाहरणानं सांगते, कारण सगळा वाद इथं येऊन ठेपतो. मारवा, पूरिया आणि सोहनी. तिन्हींत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. स्वर तेच. मारव्यात जोर रिषभ-धैवतावर, आणि षड्ज बराच वेळ टाळलेला, त्यामुळे एक बेचैनी. पूरियात गंधार-निषादाचं राज्य, आवाज मंद्रात रमलेला. सोहनी वर, तार षड्जाच्या अवतीभवती. यादीत मारवा लिहिलेल्या उमेदवाराला परीक्षकांनी मारवा सांगितला, तर त्याच्या पहिल्याच वाक्यात पूरियाचा वास येता कामा नये. तीच गोष्ट भूप आणि देसकाराची. पाचच स्वर, दोन्हीकडं तेच. भूप गंधाराभोवती पूर्वांगात रमतो, देसकार धैवत धरून वर राहतो. तासाभराच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं गोंधळलेला मारवासुद्धा हळूहळू सावरून घेता येतो. तबला चढतो, ताना सुटतात, ओळखीचे श्रोते दाद देतात, आणि सुरुवातीचा गोंधळ विसरला जातो. दहा मिनिटांत ही सोय नाही. राग माहीत आहे की नुसत्या त्याच्या ताना पाठ आहेत, हे तिथं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात कळतं.

म्हणून, मोठ्या वेळात रागाचं खोल दर्शन होतं हे कितीही खरं असलं, तरी मोठ्या वेळात लपायलाही जागा मिळते हेही तितकंच खरं आहे. ऑडिशनच्या विरोधात बोलणारे पहिली गोष्ट सांगतात, दुसरी सांगत नाहीत. ऑडिशनमधून प्रतिभा मोजली जात नाही, असं ते म्हणतात. बरोबर, ती त्यासाठी नाहीच. मायक्रोफोनपुढं, लोकांच्या पैशावर चालणाऱ्या माध्यमातून हजारो अनोळखी माणसांपुढं गायला या माणसाचा पाया तयार आहे का, एवढंच तिथं विचारलं जातं. एवढा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो.

दुसऱ्या मुद्द्याकडं येते: थोरांनी कुठं अर्ज भरले? इथं इतिहास नीट पाहायला हवा, कारण विरोधकांच्या बाजूनंही त्यात खरं काही आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवर गाणाऱ्यांना ऑडिशनमधून जाणं भाग पडलं. भातखंड्यांचे शिष्य आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या कामात प्रमुख होते. अनेक नामवंत कलावंत संतापले. आयुष्यभर मैफली गाजवलेल्या उस्तादांना महाविद्यालयातल्या, ग्रंथांतलं शास्त्र जाणणाऱ्या लोकांनी तपासावं, हे त्यांना सहन झालं नाही. तो संताप मला समजतो. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला नवशिक्याच्या रांगेत उभं करणं हे अविचाराचंच होतं. आणि आकाशवाणीच्या निर्णयांना देववाणी मानण्याचं कारण तर मुळीच नाही. याच संस्थेनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकवली. ज्या मुलखात पेटीवाचून नाट्यगीत उभं राहत नाही, गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाचं नाव ज्या वाद्याबरोबर घेतलं जातं, त्या मुलखाच्या केंद्रांवरही ती बंदी होती.

पण या सगळ्यातून निष्कर्ष काय काढायचा? परीक्षक चुकू शकतात म्हणून परीक्षाच नको? ऑडिशन नव्हतं तेव्हा कार्यक्रम कुणाला आणि कसे मिळत, हेही आठवायला हवं. ओळख, दरबारातलं नाव, घराणं, केंद्रावरच्या अधिकाऱ्याची मर्जी. त्याहून वाईट म्हणजे, स्वातंत्र्याच्या सुमारास ज्या गायिकांचं खासगी आयुष्य प्रतिष्ठितांना खटकत होतं त्यांना आकाशवाणीपासून दूर ठेवण्याचं धोरणही येऊन गेलं. हे ज्या काळात घडलं, त्या काळात आपल्या संगीतातला केवढा तरी मोठा भाग कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या स्त्रियांच्या गळ्यात होता, आणि त्यात गोव्याहून आलेल्या गायिका किती, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांचा षड्ज कसा लागतो हे न विचारता त्या कुणाच्या घरी जन्मल्या हे विचारलं गेलं. आवाज तपासायला नकार दिला की माणूस तपासला जातो. हे तेव्हा झालं, आणि ऑडिशन काढून टाकलं तर आजही होईल. फक्त विचारायचे प्रश्न बदलतील. गुरू कोण, वडील कोण, फेसबुकवर अनुयायी किती, कार्यक्रमासाठी प्रायोजक आणू शकाल का.

सांकेतिक क्रमांकाचं मोल इथं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० च्या दशकापासून हाच विचार करून उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली. पायातल्या बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरला. त्या पडद्यानं नेमका किती फरक पडला यावर तिकडच्या अभ्यासकांत वाद आहे, पण पडद्यामागचा न्याय कुणी नाकारत नाही. आपल्याकडची गुरु-शिष्य परंपरा मी मनापासून मानते. मला जे येतं ते तिच्यातूनच आलं. पण त्या परंपरेत कुणाला मंचावर बसवायचं हे गुरूच्या शब्दावर ठरतं, आणि ज्याला मोठा गुरू मिळाला नाही त्याच्यासाठी तिच्याकडं दार नाही. सांगोल्याला किंवा सावंतवाडीला शाळा सांभाळून तंबोरा घेऊन बसणाऱ्या बाईला पुण्या-मुंबईतल्या कोणत्या समारोहाचा आयोजक ऐकून घेणार आहे? तिचं गाणं नावाशिवाय ऐकलं जाईल, अशा जागा आपल्या देशात किती उरल्या आहेत? जी आहे तिला अपमान म्हणून हिणवण्याचा अधिकार मंचावर आधीच बसलेल्यांना कुणी दिला?

तिसरा मुद्दा सगळ्यांत फसवा आहे, कारण तो ऐकायला सुंदर वाटतो. खरं गाणं आतून येतं, तारीख-वेळ पाहून येत नाही. हे वाक्य पुणे आकाशवाणीच्या इतिहासापुढं ठेवून पाहावं. १९५५ च्या रामनवमीपासून पुढं वर्षाहून थोडा अधिक काळ या केंद्रावरून दर आठवड्याला गीतरामायणातलं एक नवं गीत प्रसारित झालं. एकूण ५६. ग. दि. माडगूळकरांनी गीत द्यायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, वाद्यमेळ बसवायचा, गायक-गायिकांनी ते आत्मसात करायचं आणि ठरल्या दिवशी ते हवेत जायचं. पुढच्या आठवड्याला पुढचं. तारीख आणि वेळ या दोन गोष्टींनी इतकं घट्ट बांधलेलं काम मराठी संगीतात दुसरं शोधूनही सापडायचं नाही, आणि इतक्या उंचीचं कामही फार थोडं सापडेल. मुदतीनं कस कमी होतो, हे म्हणणाऱ्यानं आधी गीतरामायणाचं उत्तर द्यावं.

मात्र इथं मला दुसऱ्या एका गटाशीही भांडायचं आहे, कारण त्यांच्यामुळे पाठांतराचा आरोप खरा वाटू लागतो. ऑडिशनची हमखास तयारी करून देणारे वर्ग आता गावोगावी निघाले आहेत. पद्धत ठरलेली. चार सोपे राग निवडायचे. प्रत्येकात एक बडा ख्याल, एक छोटा ख्याल. आलापाची वाक्यं लिहून द्यायची, ताना लिहून द्यायच्या, कोणत्या आवर्तनात काय म्हणायचं हेही लिहून द्यायचं. मुलगा सहा महिने तेवढंच घोटतो. स्टुडिओत तबलजीनं लय जराशी खाली धरली की लिहून घेतलेली तान समेच्या अलीकडं संपते आणि मुलगा रिकामा उभा राहतो. परीक्षकांनी अंतऱ्यातून बढत करायला सांगितली की त्याला सुचत नाही. तो नापास होतो, आणि घरी येऊन सांगतो की तिथं वशिला लागतो. हा मुलगा फसवला गेला आहे, पण तो ऑडिशनकडून नाही, ज्यांनी त्याला गाण्याऐवजी उत्तरपत्रिका शिकवली त्यांच्याकडून. हे वर्ग बंद पडले तर मला आनंदच होईल. त्यांच्याकडं बोट दाखवून तयारीलाच नावं ठेवणं मात्र चूक आहे.

खरी तयारी कशी असते ते थोडं सविस्तर सांगते, कारण विरोधक तिच्याबद्दल कधीच बोलत नाहीत.

तिची सुरुवात यादीपासून होते. यादी म्हणजे विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल लिहून दिलेलं खरं-खोटं. तिच्यात मोठेपणासाठी एखादा अनवट राग किंवा जोडराग घातला जातो आणि परीक्षक नेमका तोच विचारतात. मी विद्यार्थ्यांना यादीतल्या प्रत्येक रागाशेजारी त्याचा जवळचा राग लिहायला लावते: बागेश्रीशेजारी रागेश्री, दरबारीशेजारी अडाणा, भूपाशेजारी देसकार. मग एकाच बैठकीत दोन्ही, एकामागून एक, दोन-दोन मिनिटं. दुसरा राग गाताना पहिला मधूनच डोकावला तर दोन्ही यादीतून खाली उतरतात. हे काम काही आठवड्यांत होत नाही. पण ते झालं की विद्यार्थ्याला राग कळू लागतो, आणि हे फळ ऑडिशन संपल्यावरही त्याच्याजवळच राहतं.

मग तंबोरा. मारवा-पूरिया-सोहनीत पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादावर, मालकंसात मध्यमावर. आज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर हे एका बटणानं होतं, पण जुळला आहे की नाही हे बटण सांगत नाही, कानाला सांगावं लागतं. मी मुलांना घाईत तंबोरा लावायला सांगते, शेजारी कुणी बोलत असताना, पंखा चालू असताना. स्टुडिओत शांतता मिळेल, पण वेळ मिळणार नाही.

मग वेळेचा हिशोब, आणि हा हिशोब कुणी कोरडा समजू नये. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाचं धरलं तर पाच मिनिटांत सहा, फार तर सात आवर्तनं येतात. सहा आवर्तनांत ख्याल गायचा म्हणजे काय करायचं? पहिल्यात स्थायी नीट, शब्द न खाता. त्यानंतरच्या आवर्तनांत बढत, पण मंद्रात रेंगाळून राहिलो तर अंतऱ्याला जागा उरणार नाही. घाईनं वर गेलो तर राग उभाच राहणार नाही. प्रत्येक समेवर मुखडा वेगळ्या वाटेनं यायला हवा. लिहून दिलेली आलापी इथं उपयोगाची नाही, कारण लय कोणती धरली जाईल हे तबलजीच्या हातात आहे. म्हणून तेच सहा आवर्तनांचं काम वेगवेगळ्या लयींत आणि वेगवेगळ्या तबलजींबरोबर करायचं, त्यातही शक्यतो अनोळखी तबलजींबरोबर. ओळखीचा तबलजी आपल्या चुका झाकतो. कित्येक विद्यार्थी वर्षानुवर्षं एकाच साथीदाराबरोबर गातात आणि आपली लय पक्की आहे असं समजतात.

आणि मग सर्वांत कठीण भाग: स्वतःला ऐकणं. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे, तरी आपलं गाणं पुन्हा ऐकायला तयार असणारे विद्यार्थी फार थोडे. गाताना गंधार लागला असं वाटलेलं असतं, ऐकताना तो किंचित खाली असतो. श्वास कुठं तुटला, शब्द कुठं गिळला, आकार कुठं नाकात गेला, हे सगळं मायक्रोफोन निर्दयपणे सांगतो. बैठकीतले श्रोते हे सांगत नाहीत, ते प्रेमानं येतात. गुरूसुद्धा रोज ऐकून ऐकून काही गोष्टींना सरावतो. परकं कोणी ऐकणार आहे या जाणिवेनं विद्यार्थी जेव्हा स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा आपलं गाणं बाहेरून दिसतं.

माझ्याकडं शिकणारी एक मुलगी आहे. घरात गाण्याचं कुणी नाही. आई अंगणवाडीत काम करते. आवाज चांगला, तान स्वच्छ, पण षड्जावर थांबायची तिला भीती वाटे. षड्ज लागला की लगेच पुढं पळायची. वर्गात मी हे कितीतरी वेळा सांगितलं होतं आणि ती मान हलवायची. ऑडिशनसाठी म्हणून तिनं आपलं गाणं महिनाभर रोज मुद्रित करून ऐकलं, आणि एक दिवस स्वतःहून म्हणाली, "ताई, मी सा वर थांबतच नाही." त्यानंतर तिनं पहाटेचा रियाज बदलला: नुसता खर्ज, नुसता षड्ज, एका श्वासात शक्य तेवढा. तिला श्रेणी मिळाली का, हा प्रश्न लोक मला विचारतात. पहिल्या खेपेला नाही मिळाली. पण आज तिच्या षड्जावर माणूस विसावतो, आणि ते ऑडिशनच्या तयारीशिवाय झालं नसतं हे तिला ठाऊक आहे. ती पुन्हा अर्ज भरते आहे.

उत्कृष्टतेचा ध्यास म्हणतात तो याहून वेगळा असतो असं मला वाटत नाही. आपल्याकडं ध्यासाच्या गोष्टी फार रंगवून सांगितल्या जातात. गुरूचे पाय चेपणं, अठरा अठरा तास रियाज, रक्त ओकेपर्यंत ताना. त्यातल्या कित्येक ऐकीव आहेत. अल्लादिया खाँसाहेबांकडं केसरबाईंनी वर्षानुवर्षं जी तालीम घेतली तिची भीषण वर्णनं आपण चवीनं वाचतो, पण त्या तालमीत एकेका स्वरवाक्याची रोज परीक्षाच होत होती, हे लक्षात घेत नाही. गुरूसमोर बसलेला शिष्य रोज ऑडिशनच देत असतो. फरक इतकाच की तिथं ऐकणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक असतं.

भीतीबद्दलही एक गैरसमज आहे. ज्याचं गाणं खरं आहे त्याला स्टुडिओत घाबरायला होत नाही, असं मुलांना सांगितलं जातं. हे क्रूर आहे. मोठमोठ्या गायकांचे हात मंचावर जाण्याआधी गार पडतात. ज्या मुलाचे हात गार पडले त्याला आपलं गाणंच खोटं वाटू लागतं, आणि त्यानंतर खरोखरच गळा बसतो. भीती येणार हे धरूनच तयारी करायची. परक्या जागी, परक्या माणसांपुढं, सकाळी लवकर, आवाज तापला नसताना गायची सवय करायची. भीती असताना षड्ज कुठं जातो हे एकदा कळलं की तिथून तो परत आणता येतो.

आकाशवाणीला या व्यवस्थेत बरंच सुधारता येईल, आणि ते मागायचा हक्क आपल्याला आहे. नाकारल्या गेलेल्या उमेदवाराला दोन ओळींत कारण कळलं पाहिजे: सूर, ताल, राग की मांडणी. ज्याला कारण कळत नाही त्याला पुढच्या वेळी काय सुधारायचं हे कळत नाही, आणि वशिल्याच्या अफवा तिथूनच निघतात. परीक्षकांत वेगवेगळ्या घराण्यांचे, वेगवेगळ्या प्रदेशांचे आणि स्वतः गाणारे लोक असावेत. केसकरांच्या काळातला संताप पुन्हा ओढवून घ्यायचं कारण नाही. निकाल वेळेत लागावेत. आणि श्रेणी दिल्यावर गायला कार्यक्रम द्यावेत, नाहीतर ती श्रेणी भिंतीवर टांगायचा कागद होते. ऑडिशनवरची टीका या अंगानं झाली असती तर मी तिच्या बाजूनं उभी राहिले असते. पण टीका करणारे सुधारणा मागत नाहीत. त्यांना ऐकून घेणंच नको आहे.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीचा आहे. आज कुणालाही यूट्यूबवर गाता येतं, मग कुणाच्या मान्यतेची गरज काय? गरज नाही, जरूर गावं. मीही विद्यार्थ्यांना गायला सांगते. पण तिथं पहिल्या दिवशी ऐकणारे असतात मित्र आणि नातेवाईक, आणि पुढचे ऐकणारे मिळतात चेहरा, पोशाख, गाण्याचं शीर्षक आणि त्या दिवशीचं यंत्राचं गणित यांवर. पूरिया गाताना मंद्र निषाद कसा लागला, याचा हिशोब तिथं कोणी ठेवत नाही. तो ठेवणारी तीन-चार जाणकार माणसं एका खोलीत बसून, समोरच्याचं नाव न विचारता, त्याला दहा मिनिटं लक्ष देऊन ऐकतात, ही सोय सांगोल्याच्या त्या बाईला दुसरीकडं कुठं मिळणार आहे, ते ऑडिशनच्या विरोधकांनी सांगावं. ते सांगेपर्यंत माझे विद्यार्थी अर्ज भरत राहतील, आणि त्यांच्या याद्या मी स्वतः तपासून देईन.